उर्दूतला देव, मराठीतला देव आणि खेळातला देव

सातवीच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी हा घोटाळा होतोच. उर्दूच्या तासाला परीकथा चालू असते आणि तिच्यात एक 'देव' येतो. डोंगराएवढा, डोक्याला शिंगं, शहजादीला उचलून कोह-ए-काफच्या पलीकडे नेणारा. पुढचा तास मराठीचा, आणि तिथल्या धड्यात देव म्हणजे देव. मग एखादं पोर हमखास विचारतं, "टीचर, हा देव चांगला की वाईट?" मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिते, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, आणि सांगते की दोघांचं मूळ एकच आहे. फार पूर्वी इराणातले लोक आणि इकडचे लोक भाषेने सख्खे शेजारी होते. पुढे झरतुष्ट्राच्या धर्मात 'दएव' हे दुष्ट ठरले आणि 'अहुर' हा परमेश्वर झाला. आपल्याकडे बरोबर उलटं झालं, देव वर गेले आणि असुर खाली आले. तो दएव फारसीत दीव झाला आणि उर्दूच्या परीकथांत देव होऊन राहिला. शाहनाम्यात रुस्तमने मारलेला 'देव-ए-सफेद' याच खानदानातला.

एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस, हे पोरांना पटकन कळतं. मोठ्यांना समजावताना जास्त वेळ लागतो. अलीकडे तो वेळ मला माझ्या मोठ्या बहिणीसाठी काढावा लागला.

आपाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दर शनिवारी रात्री चार-पाच मित्र एका खोलीत जमतात, वीस बाजूंचे फासे टाकतात आणि कसल्या कसल्या देवांची, सैतानांची नावं घेत पहाटेपर्यंत बसतात. आपाला कुणीतरी मोबाईलवर एक बयान पाठवलं. त्यात हा खेळ म्हणजे उघड शिर्क असं सांगितलेलं. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "तू शिकलेली आहेस, तूच सांग. पोराचा ईमान गेला का?"

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो छापला. यात पट लागतोच असं नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडचण आली की फासा टाकतात. ज्यांच्या घरात नेटफ्लिक्स आहे त्यांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये तळघरात बसलेली चार मुलं पाहिली असतील, ती हाच खेळ खेळत असतात. डेमोगॉर्गन आणि वेक्ना ही तिथल्या राक्षसांची नावं याच खेळातून उचललेली आहेत.

या खेळाला एक विश्व आहे आणि ते चांगलंच गुंतागुंतीचं आहे. मधोमध माणसांची दुनिया. भोवती आग, पाणी, हवा, माती यांची आलमं. त्याही पलीकडे देवांची आणि सैतानांची आलमं एका मोठ्या चाकासारखी मांडलेली. एका बाजूला नऊ पाताळं, तिथे अस्मोडियस नावाचा बादशहा, त्याच्याखाली सरदार, सगळं कायद्याने आणि करारपत्राने चालणारं. दुसऱ्या बाजूला ६६६ थरांची अथांग दरी. तिथे ऑर्कस, डेमोगॉर्गन असे सरदार आहेत आणि त्यांचं एकमेकांशी कधीच पटत नाही. या दोन टोळ्यांचं आपापसात युगानुयुगं युद्ध चालू आहे. देव त्यात फारसे पडत नाहीत. दोन दुष्ट एकमेकांत गुंतलेले बरे, असा त्यांचा व्यवहारी विचार.

ही नावं कुठून आली हे शोधताना मला मजा आली. ऑर्कस हा जुन्या रोमन लोकांचा पाताळातला देव. बालझेबुलच्या नावात कनानी लोकांचा बाल आहे. अस्मोडियस ज्यूंच्या जुन्या कथांतून आला, तिथे तो हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या गोष्टींतही भेटतो, आणि बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ अवेस्तातल्या 'अएश्म दएव'पर्यंत नेतात. म्हणजे फिरून तोच आमचा सातवीतला देव. डेमोगॉर्गनची गोष्ट तर मास्तरांनी वर्गात सांगावी अशी. अभ्यासकांच्या मते हा कुणी देवही नव्हता आणि राक्षसही नव्हता. एका ग्रीक शब्दाची नक्कल करताना लेखनिकाने चूक केली आणि त्या चुकीतून हे नाव जन्मलं. शुद्धलेखन तपासलं नाही तर काय होतं ते बघा, राक्षसांचा राजकुमार तयार होतो.

आता आपाचा प्रश्न. शिर्क म्हणजे अल्लाहच्या जात-सिफातमध्ये, त्याच्या इबादतीत दुसऱ्याला भागीदार करणं. त्यासाठी आधी समोरच्याला इलाह मानावं लागतं. या खेळातल्या देवांना कुणी तसं मानतं का? १९७६ साली या खेळाची देवदेवतांची पहिली पुस्तिका निघाली. तिच्यात नॉर्स लोकांच्या ओडिनला ३०० हिट पॉइंट दिले होते. हिट पॉइंट म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरणार त्याचा आकडा. ही पुस्तिका काढायची वेळ का आली तेही ऐका. खेळाडूंची पात्रं इतकी बलवान होऊ लागली होती की थोर देवांनाही ती किरकोळीत काढत. मग संपादकाने प्रस्तावनेतच सुनावलं की ओडिनचा आकडा बघा आणि जरा जमिनीवर या. १९८० च्या सुधारित पुस्तकात सर्वांत मोठ्या देवांना ४०० दिले. ज्याच्या मरणाचा आकडा छापून येतो, तो कसला इलाह? बुद्धिबळातल्या वजिराला सलाम ठोकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खेळाच्या 'फॉरगॉटन रेल्म्स' नावाच्या दुनियेत तर देवपण ही नोकरीतली जागा आहे. मेलेल्यांचा न्याय करणारा तिथला देव केलेमव्होर आधी साधा तलवारबहाद्दर माणूस होता. आधीचे या जागेवरून गेले म्हणून हा आला. बढती, बदली, रिक्त पद, सगळं जिल्हा परिषदेसारखं. त्यातल्या काही मेलेल्या देवांची भानगड 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ च्या संगणक खेळातही आहे, तो भाच्याच्या लॅपटॉपवर सापडेल. पण या सगळ्या देवांच्या वर एकजण आहे, एओ नावाचा. देवांनासुद्धा तो शिक्षा करतो. एवढे शेकडो देव रचल्यावर लेखकांनाही वर कुणीतरी एकच असावा असं वाटलंच. फक्त त्यांचा हा एक दुआ ऐकत नाही, त्याला कुणाची इबादत नको आहे आणि माणसांशी त्याचं देणंघेणं नाही. भाच्याला मी म्हटलं, तौहीद अर्ध्यावर सोडली की अशी दिसते बघ.

खरी हरकत घ्यावी असं एक ठिकाण मला दिसलं, आणि ते आपल्या धर्माचं नाही. १९७६ च्या पुस्तिकेत आणि १९८० च्या पुस्तकातही भारतातले देव होते. इंद्र, अग्नी, यम, काली, लक्ष्मी, विष्णू. सगळ्यांना आकडे, सगळ्यांना हत्यारं. झ्यूस आणि ओडिनचं ठीक आहे, त्यांच्या नावाने आज घरोघरी दिवा लागत नाही. माझ्या शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी मात्र जिवंत श्रद्धा आहे. अमेरिकन लेखकांनी ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान ज्याला मानतात त्या अल्लाहला या यादीत घातलं नाही. आपल्या घरातलं काय खेळात आणायचं नाही हे त्यांना बरोबर कळत होतं. काकूंचं घर लांब होतं, म्हणून तिथे कळलं नाही.

आपला बयानवाला वर्ग समजतो की ही भीती फक्त आपल्याला सुचली. तसं नाही. १९८२ साली अमेरिकेत एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने या खेळाला दोष दिला, संघटना काढली, आणि चर्च, टीव्ही, शाळा सगळीकडे हलकल्लोळ झाला की मुलं सैतानाची पूजा शिकतायत. त्या आईचं दुःख खरंच होतं. पण आरोपात तथ्य निघालं नाही. कंपनीने घाबरून १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले आणि त्याच प्राण्यांना पुढे तनारी आणि बाटेझू अशी बनावट नावं दिली. ओरडणाऱ्यांचं समाधान झालं. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द परत आले, तोवर ओरडणारे दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागले होते.

फरक करता यायला हवा, एवढंच माझं म्हणणं. २०२० मध्ये पब्जीत एक नवा भाग आला होता. त्यात तुमचं पात्र पुतळ्यापुढे जाऊन वंदन करायचं आणि त्याबद्दल काहीतरी मिळायचं. आखाती देशांतल्या मुसलमानांनी हरकत घेतली आणि कंपनीने तो भाग काढला. ती हरकत मला रास्त वाटते. तिथे पोरगं दहा सेकंदांच्या फायद्यासाठी बोटाने सजदा करवत होतं आणि त्यामागे गोष्ट काहीच नव्हती. गोष्टीत खोटा खुदा असणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याचा पुरावा आपल्याच कपाटात आहे.

दास्तान-ए-अमीर हमजा. अकबर बादशहाने तिची सुमारे १४०० चित्रं काढून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने उर्दूत तिचे ४६ खंड काढले, त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून छापला जाऊ लागला. मुन्शी नवल किशोर हिंदू, लिहिणारे मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर मुसलमान, वाचणारे सगळेच. या दास्तानमध्ये लका नावाचा एक राक्षसी बादशहा स्वतःला खुदा म्हणवतो. त्याच्या दरबारात बख्तियारक नावाचा सल्लागार आहे आणि त्याचा हुद्दा चक्क 'शैतान' आहे. जादूगार लोक सामरी आणि जमशेद यांना देव मानून त्यांच्या नावाच्या शपथा घेतात. अफरासियाब हा जादूगारांचा शहेनशाह. अमर अय्यारकडे एक जंबील आहे, तिच्यात अख्खं जग मावतं. (डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये हुबेहूब अशी एक पिशवी आहे. तिथली पोरं तिला फार भाव देतात. त्यांनी जंबील पाहिलेली नाही.) नमाज पढणारे लोकही ही दास्तान ऐकायला बसत. लकाचं नाव ऐकून कुणाचा अकीदा ढळला असं कुठे वाचायला मिळत नाही. उलट खोटा खुदा कसा दिसतो याची ओळख तिथे हसत हसत होत होती.

मग मला या खेळातलं काहीच खटकत नाही का? खटकतं, आणि ते बयानात कुठे आलेलं नाही.

त्यांच्या राक्षसांच्या पुस्तकात प्रत्येक प्राण्यापुढे त्याचा स्वभाव छापलेला असतो. एका बाजूला कायदा, मधलं आणि बेबंद, दुसऱ्या बाजूला चांगलं, मधलं आणि वाईट, असे नऊ चौकोन. २०१४ च्या आवृत्तीत इफ्रीत 'कायद्याने वागणारा वाईट' आहे. तो पितळेच्या शहरात राहतो, गुलाम पाळतो. ते शहर अलिफ लैलातलं. आपल्याकडचा राक्षसही तिथे आहे, वाघाचं डोकं, हातांचे तळवे उलटे, १९७७ च्या पुस्तकातल्या चित्रात ऐटीत चिलीम ओढत बसलेला. तोही त्याच चौकोनात. म्हणजे जात कळली की नियत कळली.

इफ्रीत हा शब्द कुरआनात आहे. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान यांच्या दरबारात सबाच्या राणीचं तख्त आणायची गोष्ट निघते तेव्हा जिन्नांतला एक इफ्रीत पुढे येतो आणि आपण उठायच्या आत आणतो म्हणतो. वर आपण विश्वासू आहोत हेही सांगतो. हा वाईट कुठून झाला? सूरह जिन्नमध्ये तर जिन्नांची एक टोळी कुरआन ऐकते, ईमान आणते, आणि आपल्यात नेकही आहेत आणि तसे नसलेलेही आहेत असं स्वतःच्या तोंडाने सांगते. जिन्नला निवड आहे. माणसाला आहे तशीच. जाडजूड नियमावल्या लिहिणाऱ्यांना हे जमलं नाही. मूळ माल आपल्याकडून नेला आणि त्यातली निवडच काढून टाकली. २०२० मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की अख्खी जमात जन्मतः दुष्ट दाखवणं आता बदलणार. ४६ वर्षं लागली.

मला हे खटकतं याचं कारण खेळात नाही, बाहेर आहे. भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज बदलतो तेव्हा तो माणूस हेच पुस्तक उघडून बघत असतो. जमात अमुक, स्वभाव तमुक. आणि आपल्याही मोहल्ल्यात असं पुस्तक असतं, फक्त त्यात नावं दुसऱ्यांची असतात. ते मी लपवणार नाही.

दुसरं, तिथला सैतान फारच मोठा माणूस आहे. त्याला फौज आहे, किल्ला आहे. आपला इब्लिस तसा नाही. त्याने एकच केलं, मी आगीचा आणि हा मातीचा, म्हणून मी वरचा, असं म्हटलं. जातीचा गर्व, बस्स. आणि सूरह इब्राहिममध्ये तो कयामतच्या दिवशी सांगतो की माझा तुमच्यावर जोर नव्हता, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात, आता दोष मला देऊ नका. फौजेच्या सैतानाला तलवारीने मारता येतं आणि मारून झालं की आपण सुटलो. हा दुसरा तसा मरत नाही.

याच ओघात मला एक नाव सापडलं आणि ते मी उर्दूची शिक्षिका म्हणून पचवू शकलेले नाही. मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर. जन्म १९२९, मृत्यू २०१२. मूळचा अमेरिकन, नाव फिलिप. भारतात आला असताना त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे मॅगिल विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९६७ साली त्याचा 'अ कोर्स इन उर्दू' हा अनेक खंडांचा अभ्यासक्रम आला. परक्या मुलांना उर्दू कशी शिकवावी यात मेहनतीने केलेलं काम आहे ते. हाच माणूस १९७५ साली 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' नावाचा खेळ घेऊन आला, त्याच डन्जन्सवाल्या कंपनीकडून. त्याची दुनिया तेकुमेल. तिथली भाषा त्सोल्यानी, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी, तिचं व्याकरणाचं पुस्तकसुद्धा आहे. आणि वीस देव, दहा स्थैर्याचे आणि दहा बदलाचे. ज्वालेचा देव, किड्यांचा आणि मढ्यांचा देव, सगळे. पण सोपे चौकोन नाहीत. बदलाच्या देवाचा पुजारीही तिथे अब्रूदार माणूस असतो. वाचताना मला वाटलं, बघा, आपल्यातल्या एकाने हे काम इतरांपेक्षा शहाणपणाने केलं.

मग २०२२ मध्ये त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलं की १९९१ साली टोपणनावाने आलेली 'सर्पंट्स वॉक' ही कादंबरी बार्करची होती. ती नाझींचं गुणगान करणारी आहे. ज्यूंचा संहार झालाच नाही असं म्हणणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळातही त्याचं नाव बरीच वर्षं होतं.

बयानवाल्या साहेबांपुढे बार्करची सगळी पुस्तकं ठेवली असती तर त्यांनी कुठलं जाळायला सांगितलं असतं? वीस देवांचं. शिंगं तिथे होती. 'मी आगीचा आणि हा मातीचा' हे वाक्य ज्या पुस्तकात पानोपानी होतं, त्यात देव नव्हते, भुतं नव्हती, साधी माणसं होती. कलमा पढलेल्या आणि उर्दूवर जीव टाकलेल्या माणसाने ते लिहिलं. त्याचा उर्दूचा अभ्यासक्रम फेकून द्यावा असं मी म्हणत नाही, व्याकरणाने काही गुन्हा केलेला नाही. पण आता तो उघडताना आधीसारखं वाटणार नाही.

आपाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, पोराचा ईमान जागेवर आहे. त्याला लका आणि अमर अय्यार वाचून दाखव, तेवढं त्याच्या मित्रांपर्यंत पोचेल. इफ्रीतला वाईट का लिहिलंय हे त्यालाच विचारू दे. आणि ओरडायचंच असेल तर एका खऱ्या गोष्टीवर ओरड. पहाटे तीनपर्यंत फासे टाकून दर रविवारी फजर कजा होते, त्यावर.

तेवढं तिने लगेच केलं. शनिवारचा खेळ आता साडेअकराला आटोपतो.